पोवळ्याची खाच

टेलर मास्तरांची बायको गेली तेव्हा माशांसाठी आणलेल्या काचेच्या टाकीत नुसतं खारं पाणी आणि दगड होते. मासा एकही नव्हता. दगड तिने स्वतः रचले होते, दंडापर्यंत हात पाण्यात घालून. वरच्या दोन दगडांमध्ये तिने बोटभर खाच ठेवली होती. माशांच्या दुकानात एक जिवंत जांभळं पोवळं पसंत केलं होतं, ते त्या खाचेत बसायचं होतं. मास्तर मदतीला गेले तर म्हणाली, "तुम्ही लांब राहा. तुमचं माप माणसांपुरतं."

दुकानदाराने बजावलं होतं की पाणी चांगलं मुरू द्या, मगच पोवळं न्या. पाणी मुरलं, पण ती तेवढी थांबली नाही.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं आणि मग टाकीत एकेक पाहुणा दिसू लागला. दगड समुद्रातले, त्यांच्या भोकांत कोण दडून आलंय कुणास ठाऊक. आधी एक केसाळ किडा निघाला. मास्तर घाबरले, फोटो काढून दुकानदाराला पाठवला. त्याने कळवलं की असू दे, तो उरलंसुरलं खातो, टाकीचा झाडूवालाच समजा. मग काचेवर नखाएवढा तारामासा दिसला. तोही निरुपद्रवी निघाला. मास्तर मशीनवर बसले तरी डोळा टाकीकडे. एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या त्यात आखूड झाल्या.

आणि एक दिवस खाचेच्या अगदी शेजारी एक तपकिरी फूल उमललं. पारदर्शक देठ, वर गोंड्यासारख्या झिरमिळ्या. मास्तरांना वाटलं, हा तिच्याच हाताचा गुण. याची चौकशी त्यांनी केली नाही. चांगल्याची कसली चौकशी करायची? ड्रॉपरने त्याला रोज खाऊ घातलं. ते चांगलं बाळसं धरू लागलं.

पोवळं आणायला गेले तेव्हा त्यांनी कौतुकाने फोटो दाखवला. दुकानदाराचा चेहरा उतरला.

"मास्तर, हे फूल नव्हे, जीव आहे, टाकीतलं तणच. वहिनींचं पोवळं याच्या शेजारी ठेवलंत तर डंख मारून मारून संपवेल."

मास्तर पोवळं न घेताच घरी आले. धागे कापायची कात्री घेतली, हात पाण्यात घातला आणि ते फूल बुडापासून कापून काढलं. पण थोड्याच दिवसांत प्रत्येक दगडावर बारकी बारकी फुलं उगवली. दुकानदाराने कपाळावर हात मारला. म्हणाला, कापायचं नसतं हो ते, जितके तुकडे तितकी पिल्लं. तेव्हाच विचारलं असतंत तर सुईने थोडं औषध टोचून भागलं असतं. आता सगळे दगड बाहेर काढून कडक वाळवायचे, दुसरा इलाज नाही.

मास्तरांनी आज करू, उद्या करू म्हणत बरेच दिवस ढकलले. तिच्या हातची एवढी एकच रचना घरात उरली होती. पण दुकानात पोवळं फिकट पडत चाललं, तेव्हा त्यांनी मन घट्ट केलं. बाही खांद्याला नीट बसावी म्हणून कापडावर खुणा करतात, तसंच करायचं ठरवलं. पाणी उपसलं, वरचे दगड जरा सुकू दिले, जोडावर दोन्ही दगडांवरून जाईल अशी खडूची आडवी रेघ मारली आणि मगच दगड उचलला. असं एकेक करत तळापर्यंत गेले. भोकांतून कधी न दिसलेले जीव बाहेर आले, एक खेकडा, दोऱ्यासारख्या पायांचा तारामासा, वीतभर लांब किडे. सगळे तिच्या रचनेत घर करून राहिले होते. मास्तरांनी त्यांना घमेल्यात पाणी घालून ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्यातलं काहीच हलेनासं झालं.

दगड गच्चीवर वाळत पडले. मुलगी चार दिवस राहायला आली होती. मास्तर शिवलेले कपडे पोचवून परत आले तेव्हा ती गच्चीवरून खाली येत होती. बाह्या दंडापर्यंत भिजलेल्या, अगदी आईसारख्या.

"बाबा, तुमचे दगड धुऊन ठेवले. सगळ्यांवर काहीतरी पांढरं पांढरं लागलं होतं, ब्रशने घासून घासून काढलं. बघा कसे लख्ख झालेत."

मास्तरांनी वर जाऊन दगड उलटसुलट करून पाहिले. एकावरही रेघ नव्हती. पोरगी कौतुकाची वाट बघत दारात उभी होती.

"बरं केलंस," ते म्हणाले.

दगड कडक वाळल्यावर मास्तरांनी रचायला घेतले. गिऱ्हाइकाला नुसतं बघून छातीचं माप सांगणारा माणूस, पण तळाला कुठला दगड होता तेही त्यांना आठवेना. रचलं की ढासळायचं. शेवटी जसे टिकले तसे राहू दिले.

नवं पाणी मुरल्यावर दुकानदार पोवळं घेऊन स्वतः घरी आला. पिशवी पाण्यात तरंगत ठेवली आणि विचारलं, "वहिनींनी जागा करून ठेवली होती ना? कुठे ती?"

मास्तर वाकले, या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. फटी पुष्कळ होत्या.

"ठेवा कुठेही," ते म्हणाले आणि मशीनवर जाऊन बसले.