काकूंसाठी सोपी सिस्टिम

अवधूतच्या स्वतःच्या लॅपटॉपवर जी ऑपरेटिंग सिस्टिम होती ती बसवायला आधी पोथीएवढं वाचावं लागे, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! पण लॉकडाऊनमध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाहून, क्रेगीबर्नहून, त्याची मैत्रीण यामिनीचा फोन आला आणि स्वारीची अक्कल जागेवर आली.

"आईसाठी माझा जुना लॅपटॉप नीट करून देशील का रे? विंडोज उघडेपर्यंत तिचा स्वयंपाक होतो."

यामिनीची आई म्हणजे मधुवंती काकू. लेकीकडे परदेशात चार दिवस राहायला म्हणून आल्या, विमानं बंद झाली आणि अडकल्या. मोहनकाका पुण्यात एकटे. काकूंच्या हातात बटणांचा फोन, त्यावर नवऱ्याचा चेहरा दिसायची सोय नाही.

लॅपटॉप कुरिअरने ट्रुगानिनाला, अवधूतच्या घरी आला. अवधूत फुकटच्या, खुल्या सिस्टिम एकेक बसवून बघायला लागला. एक देखणी, पण तिच्यात मेनूच सापडेना. दुसरी हलकी, पण अक्षरं मुंगीएवढी. "मित्रा, सगळे टाकतात ती उबुंटू टाक आणि मोकळा हो," त्याचा मित्र निनाद फोनवर म्हणाला. पण काकूंनी बँकेत विंडोजवर जन्म काढलेला. त्यांचा हात आपोआप खालच्या डाव्या कोपऱ्यात जाणार, हे अवधूतला माहीत होतं. म्हणून त्याने मिंट नावाची सिस्टिम निवडली. मेनू त्याच कोपऱ्यात, अक्षरं ठळक, आणि पडद्यावर व्हिडिओ कॉलचं एकच चित्र.

"मुलगी बघायला इतका वेळ घेतला नव्हतास," त्याची बायको शुभदा म्हणाली.

काकूंना ती सिस्टिम लगेच जमली. रोज संध्याकाळी काकांशी गप्पा सुरू झाल्या. आणि दसऱ्याच्या आठवड्यात काकांनाच कोविड झाला.

दसऱ्याच्या दिवशी ते आयसीयूत होते. तोंडावर घट्ट मास्क, त्यामुळे बोलता येत नव्हतं, आणि यंत्राच्या घरघरीत ऐकूही येत नव्हतं. रात्री बहुधा व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल, असं डॉक्टरांनी कळवलं होतं. त्याआधी सिस्टर दोन मिनिटं त्यांच्यासमोर टॅब धरणार होती. बघता येईल तेवढंच. यामिनी वृद्धाश्रमातल्या नोकरीच्या शिफ्टला, तिचा फोन लॉकरमध्ये.

साडेचारला कॉल होता. चार वाजून गेले आणि अवधूतचा फोन वाजला.

"अवधूत, मी दिसत नाहीये रे," काकू म्हणाल्या. "माझ्या चौकटीत नुसता लाल अंधार आहे."

सकाळीच अवधूतने काकूंना सिस्टिम अपडेट करायला सांगितलं होतं. नेमकं आजच कशाला शहाणपणा केला? कॅमेरा चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम गेला असणार. जाऊन बघावं तर लॉकडाऊनची पंचवीस किलोमीटरची हद्द आणि परक्या घरात पाऊल टाकायला बंदी. त्याने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायला लावला. लाल अंधार. कॅमेऱ्याची सेटिंग बदलायला लावली. लाल अंधार. काकू एकेक शब्द जपून वाचून दाखवत होत्या आणि त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. जुनंच विंडोज ठेवलं असतं तर या बाईला आज नवरा दिसला असता, असं त्याला वाटलं. दुसरी सिस्टिम बसवायला आता वेळही नव्हता.

त्याने आपला लॅपटॉप जवळ ओढला. झाकणावर कुंकवाचं बोट होतं. सकाळी शुभदाने त्याची पूजा केली होती, दसऱ्याला हत्यारांची करतात तशी.

"काकू, आज लॅपटॉपची पूजा केलीत?"

"केली ना. आज त्याने दगा देऊ नये म्हणून पडदा उघडूनच केली. वर मधोमध छोटं भिंग आहे ना, तिथंच बोट टेकवलं. कपाळच वाटलं मला ते."

अवधूतला रडावं की हसावं कळेना. "काहीही बिघडलेलं नाही, काकू. तेवढं कुंकू पुसा."



"आज?" काकू म्हणाल्या. "आजच्या दिवशी मला कुंकू पुसायला सांगतोस?"

काय बोलून गेलो आपण, हे अवधूतला आता कळलं. या बाईला तंत्र समजावता आलं असतं, हे कसं समजावायचं? भिंतीवरच्या घड्याळात काटा पुढे सरकत होता. तेवढ्यात त्याला आपल्या आईची आठवण झाली. हळदीकुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं की बोटावर उरलेलं ती कधी कुठे पुसत नसे.

"पुसू नका, काकू," तो म्हणाला. "बोटावर उचलून घ्या. आणि तुमच्या कपाळाला लावा. सगळं."

फोनमधून त्यांच्या श्वासाचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "घेतलं." थोड्या वेळाने, "आता मी दिसतेय."

मग लॅपटॉपमधून यंत्राची घरघर ऐकू आली. फोन ठेवायला हवा हे अवधूतला कळत होतं, पण त्याने तो कानाला तसाच धरून ठेवला. कॉल संपल्यावर बऱ्याच वेळाने काकू फोनवर आल्या.

"त्यांनी हात उचलला रे," त्या म्हणाल्या. "आधी माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या छातीला लावलं."