सारवलेली जागा

“आग कुठं लागली होती?” विम्याच्या साहेबांनी विचारलं.

“हितंच, साहेब. तुमी उभे हायत तितंच.”

साहेबांनी पायाखाली पाहिलं. खाली शेणानं सारवलेली जमीन होती. बोटं फिरल्याच्या ओळी अजून दिसत होत्या. कडेनं माझ्या बहिणीनं, ताराबाईनं, चुन्याची रेघ ओढली होती.

“हे तर अंगण आहे, काका.”

“गोठा व्हता. वर पाचट, खाली बाभळीच्या मेढी. अन् मागं कडब्याची गंज.”

“मग मेढी कुठं आहेत?”

मी ताराबाईकडं पाहिलं. ती तोंडाला पदर लावून उंबऱ्यात उभी होती.

“चुलीला लावल्या,” ती म्हणाली. “दहाव्याचा सैपाक त्याच्यावरच केला.”

साहेब वाईट माणूस नव्हते. वयानं माझ्या पुतण्याएवढे असतील. मोटारसायकल लांब लावून आले होते, आमच्या घरचं पाणी प्यायले होते. पण त्यांना जळालेलं बघायचं होतं आणि आम्ही जळालेलं काही ठेवलं नव्हतं.

आमची वस्ती घाटनांदूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. चैत्रात डोंगरावरच्या वाळल्या कुसळी गवताला वणवा लागला. वणवा आम्हाला नवा नाही. तो वरच्या वर पेटतो आणि वरच विझतो. त्या दिवशी वारं खाली फिरलं. मी डेअरीवर दूध घालायला गेलो होतो. घरी अंजना होती, माझी बायको. कडब्याची गंज पेटली तेव्हा ती आमची म्हैस, भुरी, सोडायला गोठ्यात गेली. म्हैस घाबरून ओढत होती, आणि जनावर ओढायला लागलं की दाव्याची गाठ जास्तच बसते. अंजनानं गाठ सोडली. म्हैस बाहेर आली आणि मागं छप्पर खाली आलं.

मी पोचलो तेव्हा शेजारी तिला गोधडीत घालून टेम्पोत ठेवत होते. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ती एकदाच बोलली.

“भुरीला पाणी दावलं का?”

“दावलं,” मी म्हणालो. मी दवाखान्यातून हललोच नव्हतो.

आमच्यात तिसऱ्या दिवशी राख सावडतात. भावकीनं तिची राख सावडली आणि घरी येऊन गोठ्याचीही राख काढली. गेलेल्या माणसाच्या दारात राख ठेवत नाहीत. बायांनी पाट्या भरभरून ती उकिरड्यावर टाकली, सडा घातला, सारवून घेतलं. प्यायचं पाणी टँकरचं, तरी सारवलं. दहाव्याला माणसं तिथंच जेवायला बसली. सगळ्यांनी मायेनंच केलं. विमा कुणाच्या डोक्यात नव्हता. तो दूध सोसायटीनं सभासदांच्या गोठ्यांचा काढला होता. सोसायटीचा सेक्रेटरी बंकट दहाव्याला आला, तेव्हा ते त्याला आठवलं.

“एखादा फोटो तरी काढला असेल?” साहेबांनी विचारलं.

“अंजनाला उचलायचं का फोटो काढायचा?” ताराबाई म्हणाली.

साहेबांनी पिशवीतले कागद चाळले. पोलिसांच्या कागदात अंजना भाजल्याचं होतं. गोठ्यात काय काय जळालं, ते त्यात नव्हतं.

“आणि म्हैस?”

मी बाभळीखाली बोट दाखवलं. भुरी तिथं उभी होती. पाठीवर भाजल्याची टकलं पडली होती.

“म्हणजे म्हैस आहे,” साहेब म्हणाले.

“हाय.”

साहेबांना घेऊन आलेला बंकट त्यांना मोटारसायकलपर्यंत सोडून माघारी आला आणि माझ्याशेजारी टेकला.

“आप्पा, कामून झाडून काढलं तुमी? आठ दिस थांबला असता तर?”

“थांबायचं कुणाला सुचलं न्हाई.”

“साहेब आजून एकदा येतो म्हन्लेत. माणूस चांगलाय. पर कायतरी दिसाय पायजे त्याला. उकिरड्यावरची राख आणून हितं पसरा. खोटं न्हाई ते. हितलीच राख हाय.”

“जितं माझ्या भावजयीची पंगत बसली तितं उकिरडा वतू का?” ताराबाई म्हणाली.

“मंग ती पंगत भुरीला खाऊ घाला, आत्या.”

ताराबाई आत निघून गेली. बंकटचं खोटं नव्हतं. वैशाख तोंडावर होता. भुरीला ना सावली, ना चारा. आमच्या भागात चारा छावणी मंजूर नव्हती. शेजारी चार पेंढ्या देत होते, पण त्यांचीही जनावरं हंबरत होती. विमा मिळाला तर छप्पर होणार होतं, कडबा येणार होता. नाही तर भुरी विकायची. अंजना जिच्यासाठी आत गेली तीच विकायची.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मी पाटी घेऊन उकिरड्यावर गेलो. राख खाली दबली होती. वरचं उकरून काढली, आणून सारवलेल्या जागेवर ओतली, हातानं पसरली. ताराबाईनं पाहिलं. मला वाटलं होतं ती अडवील. तिनं दुसरी पाटी आणून दिली.

साहेब आले. राखेभोवती फिरले. मग बुटाच्या टोकानं राखेतून काहीतरी वर काढलं. पत्रावळीचा तुकडा होता. दहाव्याच्या पत्रावळी आम्ही त्याच उकिरड्यावर टाकल्या होत्या. तुकड्याला भाताची शितं वाळून चिकटली होती.

“ही कशी काय जळाली नाही?”

“वाऱ्यानं आली आसल, साहेब,” बंकट म्हणाला.

साहेबांनी तिथली राख पायानं बाजूला सारली. खाली सारवण होतं. बोटांच्या ओळी तशाच होत्या.

“काका, ही राख नंतर टाकलीय.”

“व्हय,” मी म्हणालो. “पर हितलीच हाय.”

“असेल. मी काय लिहू, तुम्हीच सांगा.”

त्यांनी फोटो काढला. मला राखेत उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. या खेपेला त्यांनी पाणी घेतलं नाही.

ते गेल्यावर ताराबाईनं राख झाडून काढली. आधीच्या खेपेला चार बाया होत्या. आता ती एकटी होती.

पुढं बंकटच सांगायला आला. ‘नुकसान पाहणीत आढळलं नाही’ असं वरून कळवलं होतं. “मी लई बोललो, आप्पा,” तो म्हणाला. तो बोललाच असणार.

सिरसाळ्याचा तात्याबा टेम्पो घेऊन आला. जनावरांच्या व्यवहारात केस पांढरे झालेला माणूस. त्यानं भुरीचे दात बघितले, कास बघितली, पाठीवरून हात फिरवला.

“भाजलीय.”

“व्हय.”

“घरधनीन हिच्यापायीच गेली म्हन्तेत.”

मी मान हलवली. त्यानं जास्त घासाघीस केली नाही.

आमच्याकडं जनावर विकताना दावं देत नाहीत. दावं घरातच राहतं. तात्याबानं आपला कासरा आणलाच होता. कासरा भुरीच्या गळ्यात घालून तो थांबला.

“सोड बाबा तुजं.”

दावं अंबाडीचं, मीच वळलेलं. एका अंगानं काळं पडलं होतं. त्या दिवसानंतर शेजाऱ्यांनी भुरीला त्याच दाव्यानं परत बांधलं होतं. मी गाठीला हात घातला. टेम्पो बघून भुरी मागं ओढत होती, गाठ बसत चालली होती. माझी नखं दुखायला लागली.

“इळा दिऊ का?” तात्याबानं विचारलं.

“न्हाई. सुटती.”

सुटायला वेळ लागला.

टेम्पो खाली उतरून दिसेनासा झाल्यावर मी दावं गुंडाळलं. टांगायला गोठ्यातली मेढ नव्हती. घरात आलो. वळणीवर अंजनाचं लुगडं होतं. ताराबाईनं माझ्या हाताकडं पाहिलं, लुगडं थोडं सरकवलं आणि जागा केली.