एका खड्ड्यातलं जेवण

"डुक्कर तुमचंच हवं, वहिनी," एलियास म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं चालणार नाही, चौकीच्या कॅप्टनसाहेबांनी बजावलंय."

"साहेबांना डुकराडुकरातला फरक कधीपासून कळायला लागला, भाऊजी?" देरिना म्हणाली.

एलियासने मान खाली घातली. गावप्रमुख झाल्यापासून ती बहुतेक वेळ खालीच असे. आमच्या पापुआच्या डोंगरात आधी सरकारी रस्ता आला, त्याच्यामागून सैन्याची चौकी आली आणि आता नदीवर पूल झाला होता. उद्घाटनाला गावाने खड्ड्यात तापल्या दगडांवर डुक्कर शिजवून सैनिकांबरोबर जेवायचं होतं.

देरिनाचा नवरा ओत्निएल हा एलियासचा सख्खा भाऊ. पुलाच्या मोजणीला आडवा गेला म्हणून त्याला चौकीत नेलं. तो परत आला नाही, प्रेतही मिळालं नाही. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी देरिना डोक्यावरून रताळ्यांची पिशवी पाठीवर सोडून चौकीसमोर थांबायची आणि एकच विचारायची, "माझा माणूस कुठं पुरलात?" तिला हाकलून हाकलून पहारेकरी कंटाळले होते. आम्हा शेजारणींना तिची भीती वाटायची आणि अभिमानही.

आमच्यात खून झाल्यावर दोन्ही बाजूंनी एका खड्ड्यातलं डुक्कर खाल्लं की प्रकरण मिटलं. त्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. हे साहेबाच्या कानावर कुणी घातलं, ते मी बोलत नाही.

"आणि नाही दिलं तर?" देरिनाने विचारलं.

"तुमचा पोरगा आतिनुस शहरात शिकतोय. सुट्टीला येतो तो याच चौकीवरून. मला जास्त बोलायला लावू नका."

डुक्कर तिने दिलं. पाल्यातलं वाफाळतं मांस कॅप्टनने स्वतः तिच्या हातात ठेवलं, फोटो निघाले. ती बराच वेळ ते तसंच धरून बसली. मग तिने खाल्लं, सगळं खाल्लं.

पुढच्या बाजाराला आम्ही दोघी नव्या पुलावरून निघालो. तिला बघून पहारेकरी सवयीने उठला.

"काय मावशी, आज विचारायचं नाही का?"

देरिना थांबली. तिचे ओठ हलले.

"जेवले ना मी तुमच्यात," एवढंच म्हणून ती चालू लागली.

तिच्याऐवजी आपण विचारावं असं मला फार वाटलं. पण त्या दिवशी खाल्लं तर आम्ही सगळ्यांनीच होतं.