आठवी टिचकी

फुटबॉलचं समालोचन करणाऱ्या त्या माणसाला चॅनलमध्ये सगळे तोफ म्हणत, आणि हे नाव आपल्याला प्रेमाने ठेवलंय असा त्याचा पक्का समज होता. अठ्ठावीस वर्षं तो टीव्हीवर ओरडत होता. त्यातली शेवटची चार वर्षं न बघताच. डोळ्यांच्या पडद्याला रोग लागला होता. जिकडे बघावं तिकडे नेमका मधोमध डाग. मैदान हिरवं दिसे, त्यावर ठिपके पळत, पण पाठीवरचा नंबर काही केल्या दिसत नसे.

हे गुपित फक्त धाकट्या भावाला ठाऊक होतं. बायकोलासुद्धा नाही. धाकटा शेजारी बसून टेबलाखालून दादाच्या गुडघ्यावर नंबर द्यायचा: चापट म्हणजे दहा, टिचकी म्हणजे एक. उजवा गुडघा यजमानांचा, डावा पाहुण्यांचा. नावं तोफेला तोंडपाठ होती, बाकीचं घशाच्या जोरावर निभावून जाई. कागदोपत्री धाकटा नुसता मदतनीस. चहा गार झाला की दादा सगळ्यांदेखत म्हणायचा, "बारक्या, आयुष्यात एक काम तरी धड कर." लोक हसत, धाकटाही हसे. इतकं हसू नये माणसाने.

अंतिम सामन्याला विभागप्रमुख बाई स्वतः मागे येऊन बसल्या. तोफेचा करार संपत आला होता आणि पुढच्या तीन वर्षांचं आज ठरणार होतं. त्यामुळे गड्याला चेव चढला. शेवटच्या मिनिटाला, बरोबरी असताना, चेंडू जाळ्यात गेला. उजव्या गुडघ्यावर टिचक्या सुरू झाल्या. पाच, सहा, सात... तोफेला दम निघेना. सगळ्यांच्या आधी आपला आवाज गेला पाहिजे ही जुनी खोड. सातव्या टिचकीलाच त्याने सात नंबरवाल्याचं नाव गर्जून टाकलं. मग त्या पोराच्या विधवा आईचे कष्ट काढले, गल्लीतलं बालपण काढलं. मध्येच आठवी टिचकी पडली. ती त्याला चांगली कळली, तरी तो बोलतच राहिला.

सात नंबरवाला अर्ध्या तासापासून घोट्याला बर्फ लावून बाकावर बसला होता. कॅमेऱ्याने तोही दाखवला.

सामना संपल्यावर बाईंनी विचारलं, "हे काय झालं?"

तोफेने शेजारी बोट दाखवलं. "याने चुकीचा नंबर सांगितला."

धाकट्याने मान वर केली. "दादा, मी आठ सांगितले."

"बघा, वर तोंड करून बोलतोय. घरचा म्हणून सांभाळला, बाई. नाहीतर माझी नजर अजून घारीची आहे."

"म्हणजे यांच्यावाचून तुमचं अडत नाही?"

"छे. उलट लुडबूडच होते."

"मग प्रश्न मिटला," बाई म्हणाल्या. धाकट्याचा पास तिथल्या तिथे काढून घेतला, आणि शेजारची खुर्चीही उद्यापासून नको म्हणाल्या. करार तीन वर्षांचा झाला. सही कुठे करायची ते मात्र बाईंना कागदावर बोट ठेवून दाखवावं लागलं.

पुढे तोफेने धाकट्याच्या घरी खेटे घातले. दोनदा भावजयीने दारातूनच वाटेला लावलं. तिसऱ्यांदा धाकटा भेटला.

"बारक्या, झालं गेलं विसर. सामना घरी बघ आणि फोनवरून मला सांगत जा. कुणाला कळायचं नाही."

धाकट्याने पाण्याचा पेला त्याच्या हातात नीट धरवला. "माझे नंबर चुकतात, दादा. चारचौघांत तूच सांगितलंस."

तो दादाला दारापर्यंत सोडायला आला. पुढे पायरी आहे, हेही सांगितलं.

नव्या हंगामाचा पहिला सामना. लाल दिवा लागला. तोफेने प्रेक्षकांचं स्वागत केलं, हवेचं वर्णन केलं, गवताचं केलं, दोन्ही संघांचा इतिहास सांगितला. चौथ्या मिनिटाला स्टेडियम उसळलं, त्यावरून त्याला गोल झाल्याचं कळलं. "गोल!" तो ओरडला.

"नाव," निर्माता कानात म्हणाला.

समोर हिरव्यावर ठिपके एकमेकांच्या अंगावर पडत होते. मागे बाईंची खुर्ची करकरली. तोफेने गुडघे एकमेकांशी घट्ट जुळवले.

"नाव घ्या साहेब. सगळे ऐकताहेत."

"काय गोल आहे," तोफ म्हणाला. "वा. काय सुंदर गोल आहे." अजून शहाऐंशी मिनिटं बाकी होती, आणि तीन वर्षं.