आराम देणारे थेंब

घरात कुणाचे डोळे लाल झाले, चुरचुरू लागले, की आपण काय करतो? कपाटातली जुनी बाटली शोधतो. ती संपली असेल तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो आणि म्हणतो, "डोळ्यांत घालायला काहीतरी द्या हो." दुकानदार देतो, आराम पडतो, आपण विसरून जातो. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही. वेणूलाही वाटलं नव्हतं.

वेणू पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. घर उलव्याजवळच्या कोळीवाड्यात. नवरा दयाराम खाडीत जाळं टाकायचा, पण भराव पडत गेले तशी खाडीतली मासळी आटली. म्हणून ती पहाटेच बंदरावरून माल उचलून टेम्पोने पनवेलला यायची. वाटेवर जिकडेतिकडे बांधकामं. पुढे धावणाऱ्या डंपरची धूळ सरळ डोळ्यांत. डोळे लाल व्हायचे, इतके खाजायचे की मासळीचे हात न धुताच चोळावेसे वाटायचे.

बाजाराच्या तोंडाशी कमळाकरचं औषधांचं दुकान होतं. गोड बोलणारा, कुणालाही नाही न म्हणणारा माणूस. त्याने पहिल्यांदा एक छोटी पांढरी बाटली दिली आणि वेणूचे डोळे दुसऱ्या दिवशी निवळले. तिला तो देवमाणूस वाटला. त्या वर्षी तिने त्याला राखी बांधली. कमळाकरला सख्खी बहीण नव्हती, त्याचे डोळे पाणावले होते. तेव्हापासून तो तिचा दादा झाला. पापलेट चांगलं आलं की पहिली जोडी दादाच्या घरी जायची, आणि डोळे चुरचुरले की दादाकडून बाटली यायची. एक संपली की दुसरी. अशी काही वर्षं गेली.

मग बारीकसारीक गोष्टी घडू लागल्या. वेणू दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. डाव्या बाजूला बसलेल्या गिऱ्हाइकाने हाक मारली तरच तिला कळायचं. दयाराम म्हणायचा, "तुजं लक्ष कुठं असतं गो हल्ली?" तीही हसून म्हणायची, "वय झालं माजं." एके दिवशी बाजारात रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली रिक्षा तिला दिसलीच नाही. धक्का बसून ती टोपलीसकट पडली. हात खरचटण्यावर निभावलं.

तिची सून मनस्वी खारघरला एका कॉलेजच्या ऑफिसात काम करायची. ती म्हणाली, "आई, रिक्षा एवढी मोठी, भोंगा वाजवत आलेली. तुम्हाला दिसली कशी नाही? उद्या आपण डोळे तपासायला जायचं."

"दादा थेंब देतो ना. डोळे लाल तरी हायत का माजे?"

"लाल नाहीत. पण दिसतही नाही ना!"

दुसऱ्या दिवशी मनस्वीने रजा टाकली आणि सासूला पनवेलच्या एका धर्मादाय रुग्णालयातल्या नेत्रविभागात नेलं. वेणूला वाटलं होतं, फळ्यावरची अक्षरं वाचायला लावतील आणि चष्मा देतील. इथे तर कितीतरी तपासण्या निघाल्या. हनुवटी टेकवून डोळ्यातला दाब मोजला. बाहुली मोठी करणारं औषध घालून आतली नस पाहिली. शेवटी एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रापुढे बसवून सांगितलं, दिवा चमकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी वेणू बराच वेळ नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "बाय, तुमचं यंतर बिघडलंय. दिवे लागतच नायत."

यंत्र बरोबर चालू होतं.

नेत्रविभागाच्या प्रमुख डॉक्टर माधुरी यांनी तिला समोर बसवलं. "डोळ्यांत काही औषध घालता का?"

वेणूने कमरेच्या पिशवीतून बाटली काढून दिली. डॉक्टरांनी नाव वाचलं आणि क्षणभर डोळे मिटले.

"किती वर्षं घालताय?"

"लई वर्सं. कदी रोज, कदी आठवड्यात दोन-तीनदा."

"कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिलं?"

"डाक्टर नाय. माज्या भावाने दिलं."

डॉक्टर शांतपणे बोलू लागल्या. "वेणूताई, हे स्टेरॉइडचे थेंब आहेत. औषध वाईट नाही. आम्हीही देतो. पण देताना दाब मोजतो, पुन्हा बोलावतो, ठरलेल्या दिवसांनी बंद करतो. हेच औषध कुणी न विचारता वर्षानुवर्षं घातलं, तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढत जातो आणि आतली नस मरते. दुखत नाही, लाल होत नाही. म्हणून कळत नाही. याला काचबिंदू म्हणतात. आराम पडणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. या थेंबांनी तुम्हाला आराम पडत होता, आणि त्याच वेळी नजर जात होती!"

"मग आता आपरेशन करा. मोतीबिंदूचं करतात तसं."

"मोतीबिंदू काढता येतो. मेलेली नस जिवंत करता येत नाही. उजवा डोळा आपण नक्की जपू. डाव्यातलं जे गेलं, ते परत येणार नाही."

बाहेर आल्यावर बाकावर बसून वेणूने पदर तोंडाला लावला. मनस्वीने तिचा हात धरला. नजर गेल्याचं दुःख होतंच, पण तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. औषधांच्या दुकानात जन्म गेलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? नसेलच. ठाऊक असतं तर दादाने दिलं असतं का?

घरी न जाता ती मनस्वीसह सरळ कमळाकरच्या दुकानात गेली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तिने बाटली काउंटरवर ठेवली.

"दादा, या थेंबांनी माजा डावा डोळा गेला. डाक्टर म्हनाल्या, परत येनार नाय. तुमाला ठाव होतं का हे?"

कमळाकरचा चेहरा पडला. पण लगेच सावरून तो म्हणाला, "अगं, तुला आराम पडत होता ना? तूच येऊन मागायचीस. मी कितीदा म्हटलं, एकदा डॉक्टरांना दाखव. तूच म्हणायचीस, धंदा सोडून कुठं जाऊ?"

हे खरं होतं. वेणूची मान खाली गेली. ती बाटली तिथेच ठेवून परत फिरणार, इतक्यात भिंतीवरच्या फोटोकडे तिचं लक्ष गेलं. कमळाकरची मुलगी रिया गणवेशात हसत उभी होती.

"दादा, गेल्या साली रियाचे डोळे लालभडक झाले होते. शाळेत जात नव्हती. तिला हेच थेंब घातलेत?"

कमळाकर काउंटरवरच्या पावत्या चाळू लागला.

"बोला ना."

"नाही. तिला नेत्रतज्ज्ञांकडे नेलं होतं."

"का? दुकान तर घरचं हाय."

"अगं, लहान मुलगी ती. हे असलं औषध असंच कसं घालायचं..."

शब्द तोंडातून निघून गेले होते. आता ते परत घेता येणार नव्हते.

"म्हंजे ठाव होतं!" वेणूचा आवाज चढला नाही, उलट खाली उतरला. "लेकीला घालायचं नाय, एवढं ठाव होतं. आनि मी? मी बहिन होते ना तुमची? का मासळी घेऊन येते तेवढ्यापुरती बहिन? अनोळखी मानसाने फसवलं असतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते, शेट. तुमाला काय बोलू?"

'शेट' हा शब्द कमळाकरला शिवीहून जास्त लागला. मनस्वीने सासूला आधार दिला आणि दोघी पायऱ्या उतरल्या.

कोळीवाड्यात कळलं तेव्हा दयारामचं रक्त उसळलं. "दुकान फोडतो त्याचं!"

वेणूने त्याला अडवलं. "दुकान फोडून माजा डोळा येनार हाय का? आनि शेजारच्या दुकानात चिठ्ठीशिवाय थेंब मिळत नाय काय? आपन मागतो, ते देतात."

इकडे कमळाकरला जेवण जाईना. गिऱ्हाइकाला दुखवायचं नाही, हाच धंद्याचा धर्म असं तो मानत आला होता. आता प्रत्येक बाटलीसोबत त्याला एकेक चेहरा आठवू लागला. आपण कुणाकुणाला दिलं? शेवटी न राहवून त्याने अशा ओळखीच्या गिऱ्हाइकांची घरं गाठायला सुरुवात केली. काहींनी हाकलून दिलं. काहींनी हसण्यावारी नेलं. ओवे गावच्या गंगाबाई मात्र त्याच्याबरोबर रुग्णालयात गेल्या. त्यांच्या डोळ्यातला दाब फार वाढलेला निघाला, पण नस अजून शाबूत होती. थेंब वेळेवर थांबले, उपचार सुरू झाले, आणि गंगाबाईंची नजर वाचली.

ही बातमी सांगायला कमळाकर बाजारात आला. वेणूच्या टोपलीपुढे उभा राहून म्हणाला, "मी आता चिठ्ठीशिवाय कुणालाही देत नाही. गिऱ्हाईक शेजारी गेलं तरी चालेल. तुझ्यासाठी काही करता येणार नाही, हे कळतंय मला. तरी मला माफ कर."

वेणूने त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहण्यासाठी तिला आता पूर्ण मान वळवावी लागत होती.

"गंगाबाईचे डोळे वाचले, लई चांगलं झालं," ती म्हणाली. "तसेच फिरत राहा, थांबू नका. माफीचं मला अजून जमत नाय. जमलं तर सांगेन."

कमळाकर मान हलवून निघून गेला. वेणूने शेजारच्या कोळणींना सांगितलं, येत्या सोमवारी बाजार बंद असतो, तेव्हा सगळ्यांनी मिळून डोळे तपासायला जायचं. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनीही, ज्यांना सगळं स्वच्छ दिसतं असं वाटतं त्यांनीही. "मलाबी स्वच्छच दिसत होतं गो!" ती म्हणाली, आणि कुणीच नाही म्हटलं नाही.

वाचकहो, वेणूचा विश्वासघात एका गोड माणसाने केला, आणि तोही मदतीच्या नावाखाली. पण असा गोडवा आपल्याला हवाच असतो, म्हणून तो दुकानादुकानांत टिकून आहे. डोळ्यांचं औषध ओळखीवर मागू नका, मायेपोटी देऊ नका. जे आपल्या लेकराच्या डोळ्यांत घालायला आपला हात कचरतो, ते दुसऱ्याच्या हातावर ठेवण्याचा आपल्याला काही अधिकार नाही!