निरुपमाबाई आणि एअरबॅगचा दिवा

गाडीतला एअरबॅगचा लाल दिवा लागला आणि विझेना, तेव्हा दुसऱ्या कुणाला काळजी वाटली असती. निरुपमा प्रधानांना सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या पावसाळ्यात बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचं पाणी त्यांच्या सोसायटीत शिरलं होतं. गाडी बंपरपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर इंजिन साफ झालं, सीट उन्हात वाळवल्या, गाडी चालूही झाली. पण त्यानंतर महिन्याभरात हा दिवा लागला तो लागलाच. निरुपमाबाईंनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढून अर्थ पाहिला. अपघात झालाच तर एअरबॅग बहुधा उघडणार नाही, असा त्याचा अर्थ होता. त्यांनी पुस्तक जागेवर ठेवलं आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही. 'कुणाला' म्हणजे मुलीला, मोहनाला. घरात त्या दोघीच.

तीन वर्षांपूर्वी बाजव्याकडून येताना पुढचा टँकर एकदम थांबला आणि त्यांची जुनी गाडी त्याच्यावर आदळली होती. एअरबॅग फुटली ती थेट तोंडावर. चष्मा मोडला, उजव्या डोळ्यात रक्त उतरलं, सहा आठवडे त्यांना वाचता आलं नाही. आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवलेल्या बाईला वाचता येऊ नये, हे दुखण्यापेक्षा जड गेलं. नजर पुष्कळशी परत आली. पण नव्या गाडीत बसलं की समोरच्या स्टिअरिंगमध्ये काहीतरी दबा धरून बसलंय असं त्यांना वाटायचं. दिवा लागला आणि ती भीती गेली.

मोहना वाघोडियाला एका कारखान्यात काम करते. ती कंपनीच्या बसने जाते, त्यामुळे गाडीत क्वचितच बसते. एका रविवारी सयाजीगंजला जाताना तिची नजर दिव्यावर गेली.

"आई, हा दिवा कधीपासून आहे?"

"आहे आपला. काही होत नाही त्याने."

"काही होत नाही कसं?"

निरुपमाबाईंनी गिअर बदलला. मोहनाने दुसऱ्याच दिवशी अमोघ फणसेला फोन केला. अमोघ इलेक्ट्रिकल इंजिनिअर. चांगली नोकरी सोडून त्याने हार्दिक नावाच्या मित्राबरोबर गाड्यांच्या वायरिंगचं वर्कशॉप काढलं होतं. मोहनाच्या ऑफिसातले बरेच जण त्याच्याकडे गाड्या देत.

शनिवारी दोघी तिथे गेल्या. अमोघने स्कॅनर जोडला आणि म्हणाला, "काकू, पुढच्या बाजूला धक्का ओळखणारे सेन्सर असतात. त्यातल्या डावीकडच्याचा निरोप कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाहीये. सेन्सर पाण्यात गेला असणार."

त्याने बॅटरी सोडली आणि थोडा वेळ नुसता उभा राहिला. मोहनाने विचारलं तेव्हा म्हणाला, "आत थोडा करंट साठलेला असतो. तो उतरू द्यायचा. यात घाई करायची नाही." मग बंपर उतरवून त्याने सेन्सर काढला. काडेपेटीएवढी वस्तू. नवा बसवला, सगळं जोडलं, चावी फिरवली. दिवा लागला आणि तसाच राहिला.

अमोघच्या कपाळावर आठी पडली. पण निरुपमाबाईंचा चेहरा खुलला, आणि ते त्याने पाहिलं.

"काकू, काम बिघडलं की गिऱ्हाईक चिडतं," तो हसत म्हणाला, "तुम्ही खूश दिसता."

मोहनाही आईकडे बघायला लागली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. निरुपमाबाईंनी टँकरपासून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मला ती बंदच हवी आहे. पट्टा लावते मी. तेवढं पुरे."

"आई, मला एकदा तरी सांगायचंस," मोहना हळूच म्हणाली.

"काय सांगायचं? म्हातारी घाबरते म्हणून?"

अमोघने खुर्ची ओढली, बसला. "त्या दिवशी एअरबॅग नसती, तर तुम्ही स्टिअरिंगवर आपटला असतात. डोळ्यावरच निभावलं, असं मी म्हणणार नाही. तुमचा डोळा होता. पण मला एक बघू द्या. रोज बसता तशा गाडीत बसा."

त्या बसल्या. उंचीने लहान असल्यामुळे सीट अगदी पुढे, छाती स्टिअरिंगला टेकेल इतकी.

"इतक्या जवळून ती फुटली तर लागणारच," अमोघ म्हणाला. "उघडायला तिला जागाच नाही." त्याने सीटच्या कडेचा खटका दाबून सीट वर घेतली, मग मागे सरकवली, पाठ जराशी कलती केली, स्टिअरिंग खाली आणलं. "क्लचवर पाय पोचतो?"

पोचत होता. पुढचा रस्ताही आधीपेक्षा जास्त दिसत होता. निरुपमाबाई उतरल्या नाहीत. स्टिअरिंग धरूनच म्हणाल्या, "दुरुस्त कर. पण मी बघत उभी राहणार."

अमोघने पुन्हा बॅटरी सोडली. सेन्सरकडून कॉम्प्युटरकडे जाणारी वायर दोन्ही टोकांना मोकळी केली, तिला मीटर जोडला आणि हेडलाइटमागून ती वायर बोटांनी हलवत चालला.

"हार्दिक, मीटर पर ध्यान राखजे," तो म्हणाला.

"हा... हा... अहियां," हार्दिक म्हणाला. "आंकडो कूदे छे." मीटरवरचा आकडा उड्या मारत होता.

मडगार्डच्या आत वायरीचा एक जोड होता. अमोघने तो उघडून निरुपमाबाईंसमोर धरला. आत पुराचा वाळलेला गाळ होता आणि एका पिनेवर हिरवा गंज चढला होता.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच. सेन्सर बिचारा ठीक होता. चूक माझी, आधी हे तपासायला हवं होतं. तुमचा जुनाच परत बसवतो."

त्याने नुसती वायर पिळून टेप गुंडाळली नाही. गंजलेल्या पिना बदलल्या, नवा बंदिस्त जोड बसवला, बॅटरी जोडली, स्कॅनरने कॉम्प्युटरमधली बिघाडाची जुनी नोंद पुसली. मग चावी निरुपमाबाईंच्या हातात दिली.

त्यांनी ती फिरवली. दिवा लागला, काही क्षण तसाच राहिला आणि विझला. त्यांचे हात स्टिअरिंगवरून मांडीवर आले. मोहना खिडकीपाशी वाकून म्हणाली, "मी चालवू?"

"चालव. आज तूच चालव."

पुढचे दोन शनिवार गाडी मोहनानेच चालवली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिला कंपनीच्या बसमधून आईची गाडी दिसली. डाव्या बाजूने, सावकाश, सिग्नलकडे येणारी. पुढे एक ट्रक उभा होता. निरुपमाबाईंनी त्याच्या मागे दोन गाड्या मावतील एवढी जागा सोडली आणि थांबल्या. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. त्यांनी त्याला वाजवू दिलं.