वळणावरचा जप

"हे पवित्र मरीये, देवाच्या माते..."

देल्फिनाने मायक्रोफोन ओठांजवळ धरला होता, पण डोळे समोरच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात होते. तिथे एक सायकलवाला दिसू लागला होता, रस्त्याच्या अगदी कडेने चाललेला. बसचा उजवा आरसा त्याच्या खांद्याच्या रोखाने सरकत होता.

"आम्हा पाप्यांसाठी..." ती म्हणाली, आणि पुढचे शब्द तिने विहिरीतून दोर ओढावा तसे लांबवले. "विनंऽऽती कर..."

स्टिअरिंगवर बसलेल्या आर्तेमिओने बस डावीकडे घेतली. सायकलवाला मागे पडला. देल्फिनाचा आवाज पुन्हा नेहमीच्या लयीत आला आणि मागून भरल्या बसने 'आमेन' म्हटले.

"देल्फिनाचा जप ऐकावा तर वळणावर," दुसऱ्या रांगेतली इर्मा शेजारणीला म्हणाली. "कसा दाटून येतो बघ. तल्लीन होते गं बाई!"

देल्फिनाच्या बोटांतला मणी घामाने ओला झाला होता.

त्यांचे गाव खाली सपाटीवर, भातखाचरांच्या मधोमध. दर सप्टेंबरात, कापणीच्या आधी, चर्चची सहल निघायची ती वर डोंगरात, आओस्ताच्या खोऱ्यात. जुने किल्ले, रोमन लोकांचे भग्नावशेष, गरम जेवण आणि संध्याकाळी घरी. जाताना जपमाळ, येताना जपमाळ. आणि तीस वर्षे चालक एकच, आर्तेमिओ. पुढच्या दाराजवळच्या घडीच्या आसनावर बसून जप सांगणारीही एकच, त्याची बायको.

ईस्टरच्या सुमारास आर्तेमिओच्या उजव्या डोळ्यात अंधार उतरला. आधी कडेने, मग मधोमध. गेलेले परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. हे त्याला ठाऊक होते आणि देल्फिनाला. सर्व संतांच्या सणाला, नोव्हेंबरात, तो निवृत्त व्हायचा होता. "तेवढे दिवस काढू," तो म्हणाला होता. "सपाटीवर काय, डोळे मिटून चालवीन." पण सहल डोंगरात होती, आणि बस रस्त्याच्या उजव्या कडेने चालायची. आणि ती युक्ती देल्फिनालाच सुचली होती. उजवीकडे जागा कमी असेल तर शब्द लांबवायचा. धोका असेल तर मध्येच तोडायचा.

आई गेल्यापासून तिने एक नेम धरला होता. पहाटे, तोंडात पाण्याचा थेंब न घेता, पूर्ण जपमाळ. तापातसुद्धा तो मोडला नव्हता. आजही पहाटे झाला होता. पण मण्यांवरून बोटे फिरत असताना तिला मरीया माउलीच्या तसबिरीकडे वर बघवले नव्हते.

आओस्तात रोमन नाट्यगृहाची उंच भिंत सगळ्यांनी मान वर करून पाहिली. भिंतीच्या रिकाम्या खिडक्यांतून बर्फाचे डोंगर दिसत होते.

"दोन हजार वर्षं उभी आहे म्हणे," फादर एलिजिओ म्हणाले. ते तरुण होते, गावात नवीन होते, आणि सगळ्यांना आनंद व्हावा अशी त्यांना फार तळमळ होती.

"आणि अजून दुरुस्ती चालूच आहे," भाताचा शेतकरी म्हातारा बात्तिस्ता लोखंडी परांची बघत म्हणाला. "म्हणजे कंत्राटदार आमच्या नगरपालिकेचाच."

सगळे हसले. आर्तेमिओ बसपाशीच थांबला होता, उजव्या बाजूची काच पुसत. ती आधीच स्वच्छ होती.

तिथून बस वरच्या गावाकडे चढली. अरुंद रस्ता, एका बाजूला दगडी भिंत, दुसरीकडे द्राक्षाचे मळे थेट दरीपर्यंत उतरलेले. देल्फिनाने जपमाळेचा एक भाग संपवून लगेच दुसरा धरला. "आज फारच भक्ती," कोणीतरी मागून कुजबुजले. पडक्या किल्ल्याखालच्या खाणावळीपाशी बस थांबली तेव्हा तिचा घसा कोरडा पडला होता आणि आर्तेमिओच्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

जेवायला मक्याचा घट्ट पोलेंता होता, वर वितळलेले चीज. आर्तेमिओने पाण्याचा जग उचलला आणि उजवीकडच्या पेल्यात ओतायला गेला. पाणी पेल्याच्या बाहेरून टेबलावर वाहिले.

"काय रे आर्तेमिओ," समोरून इर्मा म्हणाली, "वाइनला हात न लावताच चढली?" इर्मा गावच्या शाळेत बाई होती. निवृत्त झाली तरी चुका टिपायची सवय गेली नव्हती.

"तुझ्याकडे बघत होतो, इर्मा. हात हलला."

टेबलावर हशा पिकला. देल्फिनाने रुमाल टाकून पाणी टिपले. 

तेवढ्यात फादर एलिजिओ पेला वाजवत उभे राहिले. "एक गोष्ट बोलायची आहे. देल्फिना इतकी वर्षं आपल्यासाठी जप सांगतात. खिडकीबाहेर कधी डोकावल्या असतील असं मला वाटत नाही. तर जाताना त्या आपल्या पाहुण्या. मागे, मऊ खुर्चीवर. पुढे इर्मा बसतील आणि जपही त्याच सांगतील."

टाळ्या वाजल्या. देल्फिना उठली. "फादर, मला पुढेच बरं वाटतं. मागे मळमळतं."

"मग खिडकी उघडून देतो! नाही म्हणायचं नाही हं."

"बस गं, बस," इर्मा म्हणाली. "मायक्रोफोन काय तुझ्या आंदणात आलाय?"

पुन्हा हशा. देल्फिना खाली बसली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आर्तेमिओ ताटातला पोलेंता काट्याने नुसता इकडून तिकडे करत होता.

किल्ल्यात बाकीचे बुरुजाकडे गेले. तिने त्याला पडक्या भिंतीच्या आडोशाला गाठले.

"सांगून टाकू फादरना. आत्ता."

"आज नको. घरी पोचलो की मालकाच्या हातात चावी देतो. शपथ घेऊ?"

"शपथ नको घेऊस. आधीच पुष्कळ झालंय."

"देल्फिना, तीस वर्षं मी या माणसांना घरी पोचवलंय. आज यांनी मला अर्ध्या रस्त्यात खाली उतरवायचं? इर्माच्या समोर?" मग जरा हळू आवाजात तो म्हणाला, "रस्ता मला पाठ आहे."

"रस्ता पाठ आहे. रस्त्यावरची माणसं कशी पाठ करणार तू?"

 खाली मळ्यांच्या पायऱ्या उन्हात पिवळ्या पडल्या होत्या. तिकडे बघत तो म्हणाला, "तू मागून खोक. मला ऐकू येईल."

तिने 'नाही' म्हणायला हवे होते. बसमध्ये चढताना फादर दाराशी हात पुढे करून उभे होते. ती त्यांच्यासमोर थांबली, तोंड उघडले.

"खिडकी उघडून ठेवलीय," ते हसून म्हणाले.

"उपकार, फादर," ती म्हणाली आणि आत गेली.

इर्माचा जप म्हणजे भाताची गिरणी. दाणा आत पडायचा अवकाश, लगेच पुढचा. बस पहिले वळण उतरली, मग दुसरे. पाचव्या रांगेतून देल्फिनाला उजव्या आरशाची फक्त कड दिसत होती. तिने पुढच्या खुर्चीची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. तिसऱ्या वळणावर भिंतीतून वाढलेल्या झुडपाने उजवी बाजू खरवडली. ती खोकली.

"मळमळतंय का?" शेजारी बसलेल्या बात्तिस्ताने विचारले. "लिंबाची गोळी देऊ?"

तेवढ्यात उघड्या खिडकीतून घंटांचा आवाज आला. अनेक घंटा, जड, एकात एक मिसळलेल्या. उन्हाळा संपला की वरच्या कुरणांतून गाई खाली आणतात. वळणाच्या पलीकडे गाई होत्या. आणि कळपाच्या मागे, रस्त्याच्या उजव्या कडेने, डोक्यावर हॅट आणि हातात काठी घेतलेली एक बाई चालत होती. तिची पाठ बसकडे होती. घंटांच्या गजरात तिला बसचा आवाज ऐकू येत नव्हता.

देल्फिना खोकली. जोराने खोकली. त्याच क्षणी भरल्या बसने 'आमेन' म्हटले.

बस सरळ कडेने चालली होती.

"आर्तेमिओ! डावीकडे! माणूस आहे, थांब!"

ब्रेक करकचून लागले. सगळ्यांची डोकी पुढच्या खुर्च्यांवर आपटली. इर्माच्या हातातली जपमाळ तुटली आणि मणी उतारावर, स्टिअरिंगखाली, गडगडत गेले. बाहेर रस्त्यावर एक हॅट पडली होती. आरशाने उडवलेली. बाई भिंतीला चिकटून उभी होती, पांढरीफटक.

मग तिच्यात जीव आला. ती पुढून वळसा घालून आली आणि चालकाच्या खिडकीवर काठी आपटली. "काय हो, डोळे घरी विसरून आलात काय?"

आर्तेमिओने खिडकी सरकवली. "हो, बाई," तो म्हणाला. "तसंच झालंय."

त्याने इंजिन बंद केले. घंटा तेवढ्या वाजत राहिल्या.

"देल्फिना," फादर एलिजिओ मागे वळून म्हणाले, "तुम्हाला तिथून दिसलं?"

"तिला दिसलं," आर्तेमिओ म्हणाला. तो वळला नाही, समोरच बघत होता. "मला उजव्या डोळ्याने दिसत नाही. ईस्टरपासून."

इर्माच्या हातातला मायक्रोफोन चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचला.

"ईस्टरपासून!" मागून एक आवाज चढला. "आणि आमचा जीव काय फुकटचा होता?"

"माझी सून आहे या बसमध्ये! पोटुशी आहे ती!"

इर्मा देल्फिनाकडे बघत होती. "सकाळी वळणावर तुझा जप दाटून येत होता तो..."

"उजवीकडे किती जागा आहे ते सांगत होते," देल्फिना म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "आर्तेमिओने चालवली, पण त्याला चालवू मी दिलं. युक्ती माझीच होती."

"मरीयेच्या जपात? अगं, तुला लाज..." इर्माचे वाक्य पुरे झाले नाही. तिने वाकून पायाशी पडलेला एक मणी उचलला आणि मुठीत धरून बसली.

बस तिथे ठेवणे शक्य नव्हते. पुढे गाई, मागे गाड्या, भोंगे वाजू लागलेले. सर्वांनी उतरून पायी खाली जायचे आणि रिकामी बस आर्तेमिओनेच पायथ्याच्या मोकळ्या जागेपर्यंत न्यायची असे फादरनी ठरवले. त्यांचा चेहरा उतरला होता. गुराखीण बाईने हॅट झटकून डोक्यावर घातली आणि गाई भिंतीकडे दाबून धरल्या. पोटुशी सून नवऱ्याचा दंड धरून उतरली.

"तुम्हीही उतरा, देल्फिना."

"मी नाही उतरणार, फादर."

ती पुढच्या घडीच्या आसनावर जाऊन बसली. मायक्रोफोनला तिने हात लावला नाही. बात्तिस्ताने गळ्यातला लाल रुमाल सोडला आणि बसच्या पुढे जाऊन रस्त्यात उभा राहिला. "मी ट्रॅक्टरच्या पुढे चालतो ना शेतात, तसं," तो म्हणाला. "माझ्या मागे ये. मला चिरडलंस तर मात्र गाठ माझ्या बायकोशी."

बस माणसाच्या पावलाने उतरू लागली.

"उजवीकडे हातभर आहे," देल्फिना म्हणाली. "वीतभर. थोडा डावीकडे. हं. आता भिंत संपली. थांब, गटार आहे. चल."

आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला रस्ता साध्या शब्दांत सांगत होती. तो दरवेळी मान हलवत होता. एका वळणावर त्याने बाहीने तोंड पुसले.

पायथ्याला रोमन रस्ता होता. डोंगराचा खडक फोडून काढलेला, वर खडकातच कोरलेली कमान. सहलीतले शेवटचे ठिकाण हेच होते. आर्तेमिओने बस बाजूला लावली, हातब्रेक ओढला आणि मालकाला स्वतः फोन केला. थोडक्यात बोलला. "दुसरा माणूस पाठव. नाही, कोणाला लागलं नाही. सांगतो ना, मला दिसत नाही."

मग तो खाली उतरून त्या रस्त्यावर बसला. हजारो गाड्यांच्या चाकांनी दगडात खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. तो एका चाकोरीत बोटे घालून बसून राहिला. देल्फिना जवळ उभी होती.  वरून घंटांचा आवाज उतरत आला, त्यामागे गावची माणसे, बूट हातात घेतलेली, धुळीने माखलेली. कोणी त्यांच्याकडे पाहिले, कोणी नाही. पोटुशी सुनेच्या सासूने पाहिले आणि तोंड फिरवले.

फादर एलिजिओ तिच्यापाशी आले. "दारात तुम्ही थांबला होतात," ते म्हणाले. "तेव्हा सांगायचं होतं का?"

"हो, फादर. तेव्हा आधी तुम्ही बोललात, मग मी घाबरले. दोष माझाच."

त्यांनी मान खाली घातली. पुढे काय म्हणावे ते त्यांना कोणी शिकवले नव्हते.

उन्हे कलल्यावर दुसरा चालक आला. तरणा गडी. आर्तेमिओने त्याच्या हातावर चावी ठेवली. "दुसऱ्या गिअरला जरा अडते. रागावू नकोस तिच्यावर." मग दर वर्षीप्रमाणे तो दाराशी उभा राहिला आणि म्हाताऱ्यांना हात देऊन वर चढवू लागला. दोघींनी हात धरला नाही, दांडी धरली. बाकीच्यांनी धरला.

शेवटी तो स्वतः चढला आणि सवयीने चालकाच्या जागेकडे वळला. तिथे दुसराच माणूस बसलेला होता. क्षणभर तो पायरीवर तसाच उभा राहिला.

"अरे इकडे," पाचव्या रांगेकडे बोट दाखवत बात्तिस्ता म्हणाला. तो स्वतः उठून मागे गेला होता. "बायकोशेजारी बस, खिडकीपाशी. हे खोरं कधी पाहिलंस का तू? रस्ताच बघत आलास जन्मभर."

बस निघाली. पुढे इर्मा उठली, दांड्या धरत धरत पाचव्या रांगेपर्यंत आली आणि वेटोळ्याच्या वायरीचा तो मायक्रोफोन ताणून देल्फिनाच्या मांडीवर ठेवला.

"तूच सांग," ती म्हणाली. "माझी माळ तुटलीय." आणि जाता जाता म्हणाली, "माफ केलंय असं समजू नकोस हं."

देल्फिनाने क्रूसाची खूण केली.  

ती जप सांगू लागली. रस्ता वळत होता, खाली नदी वळत होती, डोंगरांवरचे किल्ले एकेक करून मागे जात होते. शब्द कुठे लांबले नाहीत, कुठे तुटले नाहीत. आणि तिच्या शेजारी, काचेला कपाळ टेकून बसलेल्या आर्तेमिओचा उजवा पाय प्रत्येक वळणाआधी हळूच खाली दाबला जात होता, बसच्या रिकाम्या फरशीवर.